पेटीत न मावलेली मूठ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नेमबाजीच्या वाढत्या खर्चावर लेख होता. पिस्तूल परदेशी, छर्रे परदेशी, बूट परदेशी, आता मूठसुद्धा परदेशी आणि तीही धातूची, मग साध्या घरातल्या आईबापांनी करायचं काय, असा त्याचा सूर. लेख पटला. पण सोबत लाल रंगात ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे वर कठीण थर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या मुठीचा मोठा फोटो होता आणि खाली ओळ होती, ‘खेळाडूंची नवी पसंती’. हे पत्र त्या एका ओळीपायी लिहितो आहे, कारण तसली मूठ मी स्वतःच्या हाताने केली, नातीच्या पिस्तुलाला बसवली आणि त्या पोरीची एक स्पर्धा वाया घालवली.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात 34 वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. डाय, जिग, फिक्श्चर यात जन्म गेला. नात 15 वर्षांची, तीन वर्षांपासून 10 मीटर एअर पिस्तूल मारते. आमच्या गावाला या खेळाचं वेड आहे ते सांगायला नको. राही सरनोबतने 2018 साली जकार्ता-पालेमबांगच्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सोनं आणलं, 2024 साली कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून रायफलचं कांस्य आणलं. त्या आठवड्यात आमच्या एका गल्लीतून चार पोरं रेंजवर नाव घालायला गेली होती.

तर गेल्या पावसाळ्यात नात मोबाइल घेऊन आली. ‘आबा, ही ग्रिप बघा. लाकडाची आता कोणीच वापरत नाही.’ व्हिडिओ पाहिला. एक धिप्पाड गडी पिस्तुलाला पितळी मूठ लावून धडाधड लोखंडी पत्रे पाडत होता. मुठीची किंमत ऐकली आणि म्हटलं, बाई, एवढ्यासाठी पैसे कशाला, उद्यमनगर कशाला आहे? खरं सांगायचं तर माझेच हात शिवशिवत होते. निवृत्त माणसाला जॉब मिळाला की तो नाही म्हणत नाही.

तिथे पहिली चूक झाली. व्हिडिओतला खेळ वेगळा. त्याला आयपीएससी म्हणतात. त्यात 9 मिलिमीटरचं पिस्तूल बहुतेक दोन्ही हातांनी धरून, जागा बदलत, घड्याळ लावून मारतात. तिथे दर गोळीला नळी वर उसळते आणि ती दाबायला पिस्तूल जड लागतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या, पितळेच्या मुठी. आमच्या पोरीच्या पिस्तुलातून निघतो 4.5 मिलिमीटरचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, तोही दाबलेल्या हवेवर. उसळी जवळजवळ नाहीच. तिचं दुखणं वेगळं आहे. एक हात सरळ पुढे धरायचा आणि 10 मीटरवरचं 11.5 मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ गाठायचं. म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याहूनही लहान वर्तुळ. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, थरथरता कामा नये, एवढंच तिला हवं असतं.

त्यासाठी वजन मुठीत घालून उपयोग नाही. घरातला हातोडा घ्या. दांड्याच्या टोकाला धरून हात लांब करा, मग उलटा करून लोखंडी डोकं मुठीत धरा. डोकं हातात असताना हलका वाटतो, पण दांड्याचं टोक भिरभिरतं. वजन लांब असलं की टोक हळू हलतं. म्हणूनच पिस्तूल करणारे नळीखाली छोटी वजनं लावायची सोय देतात. हे मला मूठ करण्याआधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण ठोकळा तोवर मिलिंगवर चढला होता.

मूठ झाली देखणी, त्यात वाद नाही. तिच्या लाकडी मुठीवरून माप घेतलं, आतून पोकळ केली, बोटांच्या खाचा हाताने कानसून काढल्या, मागच्या बाजूला पकडीसाठी बारीक नर्लिंग केलं, म्हणजे खरखरीत रेघा पाडल्या. लाकडी मूठ 190 ग्रॅम होती. ॲल्युमिनियम अक्रोडाच्या चौपट जड, कितीही पोखरली तरी माझी मूठ भरली 420. पिस्तूल 980 ग्रॅमवरून 1210 वर गेलं. नियमात 1500 ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणून आम्ही निर्धास्त. पण 75 मिनिटांत 60 नेम, त्याआधी 15 मिनिटांचा सराव, मधे न मारता खाली घेतलेले हात वेगळे, असं शंभर-सव्वाशे वेळा ते वजन 15 वर्षांच्या खांद्यावर उचलायचं होतं. तो हिशेब कोणी केला नाही.

तळहाताखाली आधाराला फळी असते, पोरं तिला पाम शेल्फ म्हणतात. ती वरखाली करता यावी म्हणून मी खाच पाडली आणि बाजूने एम-4 चा, म्हणजे 4 मिलिमीटरचा, गोलसर डोक्याचा बटन हेड ॲलन स्क्रू लावला. व्हर्निअरने जाडी मोजली, 49.2 मिलिमीटर. नियम 50 चा. म्हटलं, झकास.

आता स्पर्धेचा दिवस. साहित्य तपासणीच्या टेबलावर एक पेटी असते, आतून 420 लांब, 200 उंच, 50 रुंद, सगळं मिलिमीटरमध्ये. पिस्तूल सगळ्या जोडकामासकट तिच्यात बसलं पाहिजे. आमच्या भाषेत तो गो गेज, वस्तू मापात असेल तरच आत जाते. तपासणाऱ्या बाईंनी पिस्तूल आत सोडलं, ते अर्धं गेलं आणि थांबलं. त्यांनी जोर केला नाही, तेवढ्यावरून बाई जाणत्या आहेत हे मी ओळखलं. वाकून बघितलं तर स्क्रूचं डोकं पेटीच्या कडेला टेकलेलं.

एम-4 बटन हेडचं डोकं 2.2 मिलिमीटर उंच असतं. मी जाडी मोजली ती स्क्रू लावण्याआधी. 49.2 अधिक 2.2 म्हणजे 51.4. काउंटरबोअर मारून डोकं आत बसवायचं, हे पहिल्या वर्षाच्या आयटीआयच्या पोरालाही शिकवतात. 34 वर्षं दुसऱ्यांच्या जॉबवर लाल खडू मारणारा मी, आणि माझा जॉब 1.4 मिलिमीटरसाठी रिजेक्ट. नात माझ्याकडे बघत होती. बाई म्हणाल्या, ‘आजोबा, वेळ आहे अजून. करा काहीतरी.’

खिशात सुईकानस होती, सवयच आहे. जिन्याच्या पायरीवर बसलो, मूठ गुडघ्यात धरली आणि स्क्रूचं डोकं घासायला घेतलं. तो स्क्रू हाय टेन्साइल, कानस नुसती सरकायची. 25 मिनिटं लागली. डोकं उरलं 0.6 मिलिमीटर, पिस्तूल पेटीत गेलं, बाईंनी पास झाल्याची चिकटपट्टी लावली. पण ॲलन की लावायचं षटकोनी भोकही डोक्यासोबत घासून गेलं होतं. म्हणजे फळी जिथे होती तिथेच कायमची बसली, आणि घाईत ती बसली होती दोन मिलिमीटर वर. नातीने पूर्ण स्पर्धा तळहाताला फळी टोचत काढली. त्यात मे महिना, पंखे गरम वारा फेकत होते. लाकूड थोडा घाम पितं, ॲल्युमिनियम घामावर निसटतं. मूठ मी ॲनोडाइज केलेली नव्हती, त्यामुळे शेवटच्या मालिकेपर्यंत तिचा तळहात काळा झाला होता. सरावात मारते त्यापेक्षा 19 गुण कमी. ती काही बोलली नाही. घरी जाताना रिक्षात हात ओढणीला पुसत होती, ते डाग अजून गेलेले नाहीत.

त्याच टेबलावर दुसरा एक मुलगा अडकला होता, त्याचं ट्रिगरवरून. ऑनलाइन मागवलेला धातूचा ट्रिगर घरीच बसवलेला, स्क्रू फिरवून मऊ केलेला. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा लागतो. नळी आकाशाकडे करून ट्रिगरला तेवढं वजन अडकवतात आणि टेबलावरून उचलतात. घोडा न सुटता वजन वर आलं तर पास. तीन संधी असतात. त्याचा घोडा तिन्ही वेळा वजन उचलण्याआधीच सुटला. त्याच्या वडिलांनी विक्रेत्याला तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की वस्तू उत्तम आहे, लावणाऱ्याची चूक. ते खरंही असेल, पण ट्रिगर नेमका 500 वर ठेवणं हाच मूर्खपणा. स्प्रिंग आज एक सांगते, उद्या दुसरं. वीसेक ग्रॅम वर ठेवायचा आणि विसरून जायचं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि 575 गुणांवर ती बारावी राहिली. तिच्यासारखीवर ही वेळ येते, तर स्पर्धेच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्या बापांनी जरा दम खावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण उद्यमनगरातले मित्र हे पत्र वाचतील. मी बोलतो आहे ते फक्त एअर पिस्तुलाबद्दल, आणि त्यातही मुठीबद्दल. 25 मीटरचं .22 पिस्तूल हे कायद्याने अग्निशस्त्र आहे. त्याची दुरुस्ती किंवा बदल करायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. ओळखीतलं कोणी ते घेऊन वर्कशॉपमध्ये आलं तर चहा पाजा आणि परत पाठवा.

आता नात काय वापरते? तीच जुनी अक्रोडाची मूठ. फरक एवढाच की आम्ही ती तिच्या हाताला बसवली. डाय बसवताना आम्ही निळा रंग लावून उंचवटे शोधतो, ती युक्ती इथे कामी आली. निळ्याऐवजी कुंकू खोबरेल तेलात कालवलं, तिच्या तळहाताला पातळ लावलं आणि पिस्तूल धरायला सांगितलं. लाकडावर जिथे गडद लाल उमटलं तिथे हात जास्त दाबतो, तिथून एक-दोन हात कानशीचे. जिथे कोरं राहिलं तिथे एम-सीलचा पातळ थर. पुसा, पुन्हा कुंकू, पुन्हा धरा. तीन रविवार गेले. बायको म्हणाली, देवघरातला करंडा रिकामा केलात. अंगठ्याच्या बुडाशी एक पोकळी होती, ती भरल्याबरोबर पोरगी म्हणाली, ‘आबा, आता माशी आपोआप मधे येते.’ डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, डोळे उघडायचे आणि माशी नेमाच्या मागच्या खाचेच्या मधोमध आहे का बघायचं. मूठ बसली की नाही याची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही, आणि तिला एक रुपया लागत नाही.

शिवाय वाढीचा हात आहे. वर्षभरात तिचा तळहात 6 मिलिमीटरने रुंद झाला. लाकडाला कानस लागते, एम-सील चिकटतं. धातूची मूठ असती तर दरसाल नवी. ज्यांची वाढ पूर्ण झाली, ज्यांच्या दिमतीला जाणकार माणूस आहे, त्यांनी खुशाल धातूची लावावी, मी धातूचा शत्रू नाही, आयुष्यभर त्यावरच जेवलो. शाळकरी पोरांच्या आईबापांनी मात्र फोटो बघून कर्ज काढू नये. पॅरिसचा तो खिशात हात घातलेला तुर्की नेमबाज सगळ्यांनी मोबाइलवर फिरवला. त्याच्या पिस्तुलालासुद्धा पेटीचं माप हेच होतं.

माझी एकच विनंती आहे, जिल्हा संघटनांना आणि रेंज चालवणाऱ्यांना. ही पेटी आणि 500 ग्रॅमचं वजन फक्त स्पर्धेच्या सकाळी का दिसावं? पोराला स्वतःचं पिस्तूल नियमात आहे की नाही हे चार जणांसमोर, रांगेत उभं असताना कळावं, यात कोणाचं भलं होतं? कारखान्यात गेज कामगाराच्या हाताशी असतं, शेवटी इन्स्पेक्टर येतो तेव्हा कपाटातून काढत नाहीत. प्रत्येक रेंजवर एक पेटी, एक वजन आणि एक साधा काटा बाराही महिने टेबलावर उघडा ठेवा. पेटीला लागतं काय? चार पट्ट्या, एक पत्रा, अर्धा दिवस काम. पैशांची अडचण असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या रेंजना मी स्वतः फुकट करून देतो, माल माझा. फक्त वापरा.

पहिली पेटी करून झाली आहे. नातीच्या रेंजवर गेल्या मंगळवारपासून ती टेबलावर आहे. पहिल्या संध्याकाळी पोरांनी 11 पिस्तुलं घालून पाहिली. तीन अडकली. दोघांच्या मुठी धातूच्या होत्या. तिसरी लाकडी, अंगठ्याच्या बुडाशी एम-सीलचा थर जरा जास्त झालेली. ती आमच्याच घरची. कानस घेऊन बसलो आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर, कोल्हापूर