धनगरवाड्यावरचा कुत्राही औषधाचा धनी

महोदय,

जनावरांपासून होणाऱ्या आजारांवरील आपल्या लेखात मेंढपाळ व खाटीक यांना ग्रासणाऱ्या हायडॅटिड या परजीवी आजाराचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले. मेंढी कापताना कलेजीवर पाण्याने भरलेला पांढरा फुगा दिसला, की तो तुकडा तिथेच कुत्र्याला टाकला जातो. त्या फुग्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतात. पुढे त्या कुत्र्याच्या विष्ठेतून पडणारी या जंतांची अंडी त्याच्या केसांवरून धनगराच्या हाताला लागतात आणि भाकरीसोबत पोटात जातात. त्यातून माणसाच्या यकृतात होणारी गाठ तर कित्येक वर्षे दुखतही नाही. जागतिक आरोग्य संघटना कुत्र्यांना वर्षातून किमान 4 वेळा प्राझिक्वांटेल हे जंतनाशक औषध देण्यास सांगते. मेंढ्यांच्या लसीकरणासाठी वाड्यावर येणाऱ्या पशुसंवर्धन विभागाच्या पथकाने ही गोळीही सोबत आणावी, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक पशुवैद्यक, सांगोला