तुझा एलएफटीचा रिपोर्ट

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

चार आकड्यांभोवती गोल करून एलएफटीचा, म्हणजे लिव्हरच्या तपासणीचा, रिपोर्ट पाठवलास आणि खाली 'आई, लिव्हर गेलं का गं?' एवढंच लिहिलंस. फोनवर सांगायला बसले असते तर तू मध्येच मीटिंगला पळाला असतास, म्हणून लिहून काढते. लिव्हर गेलेलं नाही, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

लॅबमध्ये उभी हयात गेली माझी. लोक रिपोर्ट हातात घेतात आणि लाल 'एच', म्हणजे 'हाय', शोधतात. तूही तेच केलंस आणि चार आकडे चार आजारांसारखे वाचलेस. या कागदावरची कुठलीही ओळ दुसऱ्या ओळीला लावूनच वाचायची असते. शिवाय नॉर्मल रेंज काढतानाच निरोगी माणसांतले शंभरातले पाच जण बाहेर राहतील अशी काढलेली असते. एका पॅकेजात साठ-सत्तर तपासण्या केल्या की एखादा 'एच' कुणालाही मिळतो.

आधी बिलिरुबिन घेऊ, कारण ते बघून तू आरशासमोर डोळे ताणून उभा राहिला असणार. एकूण १.७, पण त्यातलं डायरेक्ट फक्त ०.३. म्हणजे उरलेलं १.४ इनडायरेक्ट. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मोडतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनपासून हा पिवळा पदार्थ तयार होतो. लिव्हरने हात लावायच्या आधीचा तो इनडायरेक्ट. लिव्हरने तो पाण्यात विरघळेल असा केला की डायरेक्ट, आणि मग तो पित्तातून आतड्यात जातो. खड्याने पित्ताची वाट अडली किंवा लिव्हरला मोठी सूज आली तर डायरेक्ट वाढतं, आणि तेच लघवीत उतरतं, म्हणून कावीळ झालेल्याची लघवी गडद होते. तुझं वाढलंय ते इनडायरेक्ट. हिमोग्लोबिन १५.१, म्हणजे पेशी भराभर फुटत असतील असंही दिसत नाही. तुझ्या मामाचं बिलिरुबिन वर्षानुवर्षं दीड ते दोनच्या मध्ये असतं आणि तो आजही पहाटे गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातो. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. जन्मजात असतं, औषध लागत नाही. उपास, ताप, जागरण झालं की आकडा थोडा वर चढतो. आदल्या रात्री जेवला नव्हतास आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रक्त दिलंस, मग दुसरं काय होणार? डॉक्टरांनी खात्री केली की फाइलमध्ये लिहून घे, म्हणजे पुढे एखाद्या ऑपरेशनआधी कुणी तुला पुन्हा घाबरवणार नाही.

आणि आत्याबाई काविळीची माळ आणून देतो म्हणाल्या तर हसून नको म्हण. ती माळ दिवसेंदिवस लांब होते आणि कावीळ उतरते असं म्हणतात. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. श्रेय माळेला मिळतं.

खरं बोलायचंय ते एसजीपीटीबद्दल. तुझं ८४, एसजीओटी ४६. दोन्ही पेशींच्या आत राहणारी एन्झाइम. पेशी दुखावली की रक्तात येतात. एसजीपीटी मुख्यत्वे लिव्हरमधलं. एसजीओटी मात्र स्नायूंत, हृदयात, तांबड्या पेशींतही असतं, त्यामुळे ते एकटं वाढलं तर आम्ही आधी ट्यूब बघायचो. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढल्यावर पेशी खाली बसतात आणि जेलच्या वर सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, फिकट पिवळं दिसायला हवं. कुणी बारीक सुईने जोरात रक्त ओढलेलं असलं की पेशी फुटतात आणि सीरम गुलाबी दिसतं. त्या सॅम्पलवर एसजीओटी खोटंच वाढून येतं, अशा वेळी माणसाला परत बोलवायचं. (तसंच ट्यूब खिडकीपाशी उजेडात राहिली की बिलिरुबिन कमी येतं. कावीळ झालेल्या तान्ह्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्यामागेही उजेडाचाच गुण.)

व्हायरल काविळीत एसजीपीटी कित्येक शे, कधी हजारांच्या घरात जातं, तेव्हा ८४ ही आग लागल्याची खूण नाही. उलट आकडा मोठा म्हणजे लिव्हर जास्त खराब, असंही नाही. सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या, लिव्हरमध्ये दुखावायला पेशीच कमी उरतात आणि एसजीपीटी अगदी नॉर्मल येऊ शकतं. लिव्हर काम किती करतंय ते अल्ब्युमिनला विचारायचं, कारण रक्तातलं हे प्रोटीन लिव्हरच बनवतं. तुझं ४.५, उत्तम. पण अल्ब्युमिन रक्तात तीनेक आठवडे टिकतं, त्यामुळे अचानकच्या दुखण्यात ते उशिरा घसरतं. तेव्हा डॉक्टर रक्त गोठण्याचा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, बघतात. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम पित्ताची वाट अडली की वाढतं. तुझं नॉर्मल आहे, म्हणजे पित्ताची वाट अडल्यासारखी वाटत नाही. ते हाडांतूनही येतं. आपल्या रियाचं ३१० आलं तेव्हा वहिनी रडायला लागली होती. बारा वर्षांची पोर उंच होतेय, येणारच.

मग ८४ कशाने? तू महिन्यापूर्वी जिम लावलीस. जोरदार वजनं उचलली की स्नायूंतूनही ही एन्झाइम बाहेर पडतात आणि आठवडाभर वर राहू शकतात. पण तेवढ्यावर सोडू नकोस, कारण दुसऱ्या पानावर तू गोल न केलेले आकडे आहेत. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१०. उपाशीपोटी साखर १०८. वजन ८८ आणि जीन्स ३८ नंबरची, म्हणजे कंबर ९५ सेंटिमीटरच्या वर. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० ची मर्यादा धरतात. एसजीपीटी एसजीओटीपेक्षा जास्त आणि शेजारी हे सगळं, तर फॅटी लिव्हरच, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणंच, आधी मनात येतं. दारूने दुखावलेल्या लिव्हरमध्ये बहुधा उलटं असतं, एसजीओटी दुपटीच्या आसपास. जीजीटी हे लिव्हरचं आणखी एक एन्झाइम, तुझं ६८. ते मात्र दोन्हींत वाढतं, म्हणून विचारते: शनिवारी किती होते? मला नको सांगूस, डॉक्टरांना खरं सांग.

प्लेटलेट २ लाख ४० हजार आहेत. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट घालून एक हिशेब करतात, फिब-४. तुझा मी कागदावर मांडला: ०.७५ आला. १.३ च्या खाली असलं की लिव्हरमध्ये मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. तुझ्या बाबांनाही दाखवला, ते सकाळपासून उगाच अंगणात फेऱ्या मारत होते.

आता गुळवेलीचा काढा ताबडतोब बंद कर. तो पितोस हे मला सूनबाईकडून कळलं. कोविडच्या काळात घरोघर हा काढा उकळत होता, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी तो घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, बराच वाद झाला. वाद कुणी का जिंकेना, एसजीपीटी वाढलेलं असताना तो प्यायचं कारण नाही. 'लिव्हर टॉनिक'सुद्धा मनाने आणू नकोस.

डॉक्टरांना भेट. पोटाची सोनोग्राफी आणि हेपटायटिस बी व सी च्या तपासण्या ते सांगतीलच. तुझ्या जन्माच्या वेळी हेपटायटिस बी ची लस सरकारी लसीकरणात नव्हती, त्यामुळे तपासणी निगेटिव्ह आली तर लस घेऊन टाक: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. पुन्हा एलएफटी करायच्या आधी आठवडाभर जड वजनं उचलू नकोस. चालणं चालू राहू दे. वजन ७ ते १० टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबीच नाही, सूजही कमी होते. तुझ्या हिशेबाने सात-आठ किलो. सावकाश उतरव, पण कॅनमधलं गोड पेय आजपासून बंद. रिपोर्ट त्याच लॅबमध्ये कर. रेंज लॅबगणिक बदलते आणि मग ८४ ची तुलना कशाशी करायची, हा घोळ होतो.

तुझी,
आई

ता.क. जिमवाल्याने दिलेल्या प्रोटीनच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, बारीक अक्षरं दिसतील असा. त्यात आणखी काय काय मिसळलंय ते मला बघायचंय.