बिअर गार हवी, गोठलेली नको

महोदय,

उन्हाळा लागला की बिअरबद्दल दोनच गोष्टी छापून येतात. एक तर शुल्क आणि महसुलाचे आकडे, नाहीतर बर्फाच्या चुऱ्यात रोवलेल्या बाटल्यांचा फोटो आणि खाली 'चिल्ड' हा एकच शब्द. चवीबद्दल अवाक्षर नाही. हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, आढीत किती दिवस ठेवायचा, यावर आपण तासभर भांडतो. बिअरच्या बाबतीत मात्र 'थंड आहे ना, मग झालं!' माझी तक्रार त्या थंडपणाबद्दलच आहे.

फ्रीजरमधून काढलेली, काचेवर पांढरा थर धरलेली बाटली ० ते २ अंशांवर असते. इतक्या गारठ्यात जीभ बधिर होते, वास नाकापर्यंत पोचत नाही आणि वायू सुटत नसल्यामुळे फेसही नीट धरत नाही. घशाखाली उतरतं ते नुसतं बोचरं पाणी. मग सगळे ब्रँड एकसारखे लागतात आणि निवड 'कुठली जास्त चढते' यावर होते. साध्या लागरला, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या सोनेरी बिअरला, ४ ते ७ अंश पुरतात, गव्हाच्या बिअरला आणि गिनेससारख्या काळ्या आयरिश स्टाउटला ६ ते ८, आणि बेल्जियन ट्रिपलसारख्या ९ टक्के अल्कोहोलच्या कडक ऐवजाला १० ते १२. घरी यासाठी थर्मामीटर लागत नाही. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवलेली लागर बाहेर काढून पाच-सात मिनिटांनी उघडली की काम झालं. पाहुणे दारात असतील तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा. १५-२० मिनिटं बास. नुसत्या कोरड्या बर्फात जास्त वेळ लागतो, कारण खडे बाटलीला चार ठिकाणीच टेकतात. फ्रीजरमध्ये मात्र विसरू नका. ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांच्या आसपास गोठू लागते, बाटली तडकते, आणि नाही तडकली तरी वितळल्यावर तळाशी कण दिसतात. ग्लासात बर्फ टाकणाऱ्यांना काय सांगणार!

आता आवडत्या बिअरविषयी. पहिली पिल्सनर उर्क्वेल. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, प्लझेन गावात ५ ऑक्टोबर १८४२ रोजी योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने तिचा पहिला घाणा लावला. गावचं पाणी अतिशय मृदू, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) झाटेक भागातले, आणि भिजवलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) काही भाग बाजूला काढून उकळायचा व परत मिसळायचा, असं तीनदा करायचं. त्या उकळण्याने पावाच्या खरपूस कडेसारखी चव येते. म्हणून ४.४ टक्के अल्कोहोल असूनही ती पाणचट लागत नाही, आणि हॉप्सचा कडूपणा भरपूर असला तरी घशाला ओरबाडत नाही. आपल्याकडच्या बहुतेक लागर याच घराण्यातल्या, फक्त बऱ्याचदा तांदूळ किंवा मका घालून हलक्या केलेल्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ताजी माइल्ड लागर योग्य तापमानाला आणि सोबत रव्यात घोळवलेले कुरकुरीत बोंबील, यापुढे महागड्या आयात बाटल्या फिक्या पडतात.

चेक लोक आधी नळातून ओला, दाट फेस भरतात आणि त्याखाली बिअर सोडतात. तीन बोटं फेस हा तिथला नेहमीचा हिशेब. आपल्याकडे तेवढा फेस आला की 'बिअर कुठाय?' म्हणून वेटरशी वाद. हा फेस म्हणजे फसवणूक नव्हे. तो वास धरून ठेवतो, हवेला आडवा येतो, आणि ओततानाच थोडा वायू मोकळा करतो. फेस न येऊ देता ग्लासाच्या कडेने काठोकाठ भरलेल्या बिअरमधला तोच वायू पोटात जाऊन सुटतो. दुसऱ्या ग्लासला पोट फुगतं ते त्यामुळे. ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून निम्मा भरा, मग उभा करून मधोमध ओता. दोन-तीन सेंटिमीटर फेस आला पाहिजे.

दुसरी गव्हाची बिअर, पुण्यातल्या मायक्रोब्रुअऱ्यांत हमखास मिळणारी. बव्हेरियन पद्धतीच्या वाइसबिअरमध्ये निम्मा तरी माल्ट गव्हाचा असतो आणि तिच्यातला केळ्या-लवंगेचा वास यीस्टचा, बाहेरून घातलेला नव्हे. आंबवण गरम ठेवलं की केळं पुढे येतं, थंड ठेवलं की लवंग. याउलट बेल्जियन विटबिअरमध्ये धणे आणि कडू संत्र्याची साल खरोखरच घालतात. ही लुप्त झालेली पद्धत पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये बेल्जियममधल्या हूगार्डन गावी पुन्हा सुरू केली. म्हणजे 'व्हीट बिअर' मागितली तर दोनपैकी कुठली, हे विचारून घ्यावं. बाटलीतली वाइसबिअर ओतताना ग्लास गार पाण्याने विसळा, हळू ओता, तळाशी दोन बोटं राखा, बाटली गोल घुसळा आणि तळाचं यीस्ट वरून सोडा. गढूळपणा ही तिची खोड नाही, तीच तिची चव आहे. कडेला खोचलेली लिंबाची चकती काढून ठेवा, तिने फेस बसतो. तिखटाशीही हीच जमते. हॉप्सचा जबर कडूपणा आणि जादा अल्कोहोल मिरचीची आग वाढवतात, म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर आयपीए ही हॉप्सने कडू केलेली बिअर घेणाऱ्याने दोष कोल्हापूरला देऊ नये.

गिनेसबद्दल एकच गैरसमज काढायचा: काळी म्हणजे जड नव्हे. ४.२ टक्के, म्हणजे आपल्या माइल्डपेक्षाही सौम्य. रंग आणि कॉफीसारखा कडूपणा भाजलेल्या बार्लीचा, आणि मऊपणा नायट्रोजनचा. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे बारीक राहतात. तिकडे ती शिंपल्यांबरोबर पितात. कोकणातल्या कालवांबरोबर कुणी करून पाहिलं तर निराशा होणार नाही.

स्ट्राँगचं गणित मात्र एकदा मांडायला हवं. आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंत साधी, म्हणजे माइल्ड, आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. ६५० मिलिलीटरची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे ५२ मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० चा पेग म्हणजे साधारण २६. एका बाटलीत दोन लार्ज! 'बिअरच तर घेतली' म्हणून गाडीची किल्ली उचलणाऱ्याने हे पाठ करावं.

सकाळी डोकं ठणकलं की खापर फुटतं ते 'ग्लिसरीन'वर; आपल्याकडच्या बिअरमध्ये ते बाहेरून घालतात, असा समज आहे. बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची, खाली तेलकट रेघा उतरताना दाखवायच्या आणि 'बघ, निघालं' म्हणायचं. बिअरमध्ये न आंबलेल्या साखरेचा अंश उरतो, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. लिटरमागे पाच-दहा ग्रॅमचा फरक. जड द्रव खाली उतरतो, प्रकाश वाकतो आणि रेघा दिसतात. साखरेच्या पाण्याच्याही दिसतील, जर्मन बिअरच्याही. आंबताना यीस्ट थोडं ग्लिसरीन स्वतःच तयार करतं, जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये, आणि ते या युक्तीने वेगळं होत नाही. होतं एवढंच की उतरलेल्या बिअरच्या जागी बाटलीत पाणी शिरतं.

खरा बिघाड दुकानात होतो. ब्रुअरी एक ठोकताळा वापरतात: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस, या तिन्हींत बिअर जवळपास सारखीच म्हातारी होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना पत्र्याच्या गोदामात पडलेल्या खोक्याचं काय होत असेल ते यावरून ताडा. अशा बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो; फ्रीजमध्ये ठेवून तो जात नाही. दुसरा शत्रू उजेड. ऊन किंवा ट्यूबलाइट हॉप्समधल्या कडू द्रव्याची मोडतोड करते आणि त्यातून उग्र, गंधकी दर्प येतो. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी थोडा, पांढरी जवळपास नाहीच. म्हणून बिअर शॉपीत दर्शनी काचेमागची बाटली घेऊ नका, आतल्या फ्रीजमधली मागा, आणि आधी छापलेली तारीख पाहा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम.

परमिट रूम आणि पबवाल्यांकडे दोन मागण्या आहेत. नळाच्या नळ्या दर १४ दिवसांनी रसायनाने धुवा. लागरला लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास येऊ लागला तर पहिला संशय नळ्यांवर घ्यावा. आणि ग्लास तेलकट ताटांबरोबर एकाच पाण्यात विसळू नका. ग्लास नीट धुतला आहे की नाही, हे गिऱ्हाइकालाही कळतं: ओल्या ग्लासात पाण्याचा एकसंध पापुद्रा धरायला हवा. थेंब सुटे सुटे झाले, किंवा ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले, तर ग्लास बदलून मागावा.

– एक वाचक, पुणे