ताई, त्या ३६८९५ साठी मनापासून आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायचं कधीचं मनात होतं. तोंडी म्हटलं असतं तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवला असता, म्हणून चारचौघांसमोर लिहितेय.

सॉकेट प्रोग्रॅमिंग, म्हणजे दोन प्रोग्रामना नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायला लावणं, शिकायचं ठरवलं तेव्हा मी एका महागड्या कोर्सची फी भरायच्या बेतात होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "मायक्रोसॉफ्टने फुकट दिलंय ते सगळं वापरून झालं का?" मला तर काय काय मिळतं हेच ठाऊक नव्हतं. त्याच संध्याकाळी तुम्ही व्हिज्युअल स्टुडिओची (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) कम्युनिटी आवृत्ती उतरवून घ्यायला लावलीत. घरी बसून शिकणाऱ्याला ती विनामूल्य आहे आणि डीबगर, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन, त्यातच येतो. विनसॉक, म्हणजे सॉकेटसाठीची सोय, विंडोजमध्ये असतंच. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये क्लायंट-सर्व्हरचा (एक जोडणी मागणारा, दुसरा तिची वाट पाहणारा) एक छोटा नमुना आहे, २७०१५ पोर्टवरचा (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या प्रोग्रामचा दार-क्रमांक): क्लायंट जे पाठवेल ते सर्व्हर जसंच्या तसं परत करतो. तुम्ही सांगितलंत, "क्लायंट त्यांचा राहू दे, पोर्ट ८०८० कर. सर्व्हर मात्र नमुना न बघता स्वतः लिही."

मी लिहिला. पहिल्याच फटक्याला १००९३ क्रमांकाची चूक, कारण विनसॉक सुरू करणाऱ्या डब्ल्यूएसएस्टार्टअपला हाक मारायची राहिली होती. ते लगेच सुटलं. मग सर्व्हर सुरू झाला, पण क्लायंट जोडलाच जाईना. १००६१, समोरून नकार. दोन रात्री मी तोच कोड वर-खाली वाचत होते. फायरवॉल बंद करून पाहिली, मशीन पुन्हा सुरू करून पाहिलं.

तुम्ही कोड बघायलाच नकार दिलात. कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर आहे ते दाखवणारं सिसइंटर्नल्सचं टीसीपीव्ह्यू उघडायला लावलंत, तेही फुकटच. सर्व्हर चालू केला, यादीत हिरवी ओळ उमटली. "पोर्ट वाच," म्हणालात. तिथे ३६८९५ होतं. असला आकडा मी आयुष्यात कुठे लिहिला नव्हता! मग कागद पुढे सरकवलात आणि ८०८० हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, लिहायला सांगितलंत. १एफ ९०. आता दोन्ही बाइट उलटे कर. ९० १एफ. त्याचं दशमान कर. मी गुणाकार केला, बेरीज केली आणि कागदावर ३६८९५ उतरलं. माझा प्रोसेसर लहान किमतीचा बाइट आधी ठेवतो, नेटवर्कला मोठ्या किमतीचा आधी लागतो, आणि हा क्रम बदलून देणारं एचटॉन्स मी विसरले होते. ही व्याख्या मी आधी चार वेळा वाचलेली होती, पण कळली त्या कागदावर. क्लायंट त्यांचाच ठेवायला का सांगितलंत तेही तेव्हाच उमगलं. दोन्हीकडे मीच लिहिलं असतं, तर तीच चूक दोन्हीकडे झाली असती, प्रोग्राम सुरळीत चालला असता आणि मला पत्ताही लागला नसता.

त्याहून मोठी शिकवणी पुढच्या आठवड्यातली. माझा पक्का समज होता की एका सेंडला (पाठवणं) एक रिसीव्ह (घेणं). तुम्ही वाद घातला नाहीत. रिसीव्हच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावायला सांगितलंत, सर्व्हर तिथे थांबला, तोवर क्लायंटकडून तीन निरोप पाठवायला लावलेत. मग सर्व्हर पुढे सोडला. तिन्ही निरोप एकाच बफरमध्ये (आलेला मजकूर ठेवायची जागा), एकमेकांना चिकटून! नंतर बफर ५१२ वरून ५ बाइटवर आणायला लावलंत, तर एकाच निरोपाचे तुकडे हाती येऊ लागले. टीसीपी, म्हणजे ही जोडणी चालवणारे नियम, बाइटांचा प्रवाह देतं, निरोप कुठे संपला ते आपण ठरवायचं, हे त्या दिवसापासून कायमचं डोक्यात बसलं. त्याच रात्री आधी चार बाइटांत लांबी पाठवून मग मजकूर पाठवायचं, आणि लांबी भरेपर्यंत फेऱ्या मारत वाचायचं, हे लिहून काढलं. रिसीव्हकडून शून्य आलं की समोरच्याने पाठवणं संपवलंय, हेही त्याच फेरीत बसलं.

मला मध्येच शंका आली होती, की हे सगळं एकाच कंपनीपुरतं अडकून राहील का. तुम्ही सांगितलंत की या सॉकेटचं मूळ १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीत आहे, विनसॉक त्याच वळणावर बांधलंय. मी तो सर्व्हर नंतर लिनक्सवर नेला. हेडर फायली बदलल्या, स्टार्टअप आणि क्लीनअप काढलं, क्लोजसॉकेटच्या जागी क्लोज आलं, चुकांचे आकडे वेगळ्या नावांनी आले. बाकी बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट तसंच राहिलं. तुमचा शब्द खरा ठरला.

ताई, तुम्हाला उत्तर पहिल्या मिनिटाला दिसलं असणार. तरी तासभर शेजारी बसून राहिलात, कीबोर्डला हात न लावता. याचं मोल मला आता कळतंय, कारण दुसऱ्याची चूक दिसत असताना गप्प बसणं मला अजून जमत नाही.

सर्व्हर आता एकाच वेळी अनेक क्लायंट सांभाळतो, सिलेक्ट वापरून, म्हणजे कोणत्या जोडणीवर काही आलंय ते एकाच ठिकाणी विचारून. आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीवर नेताना मात्र एका ठिकाणी अडलेय. तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, १००४८, म्हणजे 'पत्ता आधीच वापरात', आलाय, आणि टीसीपीव्ह्यू समोर उघडं आहे. आधी स्वतः शोधते. नाहीच सापडलं तर रविवारी फोन करीन.

तुमची,
सर्व्हर हाताने लिहिणारी