पॉप-पंकचा गडद अल्बम ऐकताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या पाश्चात्त्य बँडने गंभीर वळण घेतले की आपल्याकडच्या परीक्षणांत 'बँड प्रगल्भ झाला' एवढे म्हटले जाते आणि पुढे गीतांचा आशय येतो. वाद्यांत काय बदलले याबद्दल अवाक्षर नसते. पॉप-पंकच्या, म्हणजे पंक रॉकचा वेग आणि पॉपच्या सोप्या चाली एकत्र करणाऱ्या संगीताच्या बाबतीत हे फार खटकते, कारण तिथे खरा बदल वाद्ययोजनेत ऐकू येतो. कॅलिफोर्नियाच्या 'ब्लिंक-१८२' या त्रिकुटाचा नोव्हेंबर २००३ मधला विनाशीर्षक अल्बम पाहा.

१९९९ आणि २००१ च्या अल्बमांत त्यांचा साचा ठरलेला होता: डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाटलेल्या, घरघरत्या आवाजाची) गिटार, भरधाव ड्रम, चटकन ओठांवर बसणारी चाल, पोरकट विनोद. २००३ मध्ये निर्माता तोच, जेरी फिन. या वेळी मात्र त्यांनी सॅन दिएगोजवळ घर भाड्याने घेऊन तिथेच स्टुडिओ थाटला आणि वर्षाचा बराच काळ अल्बमला दिला. गिटारवादक टॉम डिलाँग आणि ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर यांनी आदल्या वर्षी 'बॉक्स कार रेसर' या आपल्या दुसऱ्या बँडमध्ये जड, काळपट ध्वनी करून पाहिलाच होता.

पॉप-पंकची गिटार मुख्यतः पॉवर कॉर्डवर (एकदम छेडलेल्या दोन स्वरांच्या जोडीवर) चालते. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यात सा आणि प असतात, गंधार नसतो. डिस्टॉर्शनमध्ये गंधार मिसळला की आवाज गढूळ होतो. त्यामुळे ही कॉर्ड स्वतः ना प्रसन्न, ना उदास. रंग भरायचा तो गळ्याने आणि इतर वाद्यांनी. 'आय मिस यू'मध्ये तर त्यांनी डिस्टॉर्शनच काढून टाकले. अकूस्टिक गिटार, उभा बास, चेलो, पियानो आणि काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवलेले ड्रम एवढ्यावर ते गाणे उभे आहे.

गडद म्हणजे संथ हा समजही इथे टिकत नाही. 'स्टॉकहोम सिंड्रोम' चांगलेच वेगवान आहे. त्याआधी बँडचा बासवादक मार्क हॉपस याच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात असताना आजीला लिहिलेली पत्रे अभिनेत्री जोआन व्हॅली शांतपणे वाचते आणि लगेच गाणे अंगावर येते. अस्वस्थता त्या विरोधातून येते. 'ऑल ऑफ धिस'मध्ये 'द क्युअर' या उदास सुरांच्या ब्रिटिश बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ गायला आहे, आणि त्याचा आवाज या बँडमध्ये परका वाटत नाही, हेच मला अल्बमचे मोठे यश वाटते.

आपल्या कॉलेजांतले बँड या वळणावर येतात तेव्हा अडखळतात ते तांत्रिक गोष्टींत. गिटार दोन स्वर खाली उतरवतात, पण तारांचा संच ०.००९ चाच (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची) ठेवतात. तार सैल पडून खरखरते आणि जोरात छेडली की स्वर चढतो. ०.०११ चा संच लावावा आणि स्वरमेळ (इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक पडद्यावरचा सूर) पुन्हा जुळवावा. खाली उतरलेली गिटार बासच्या पट्टीत शिरते, म्हणून मिक्सिंगमध्ये गिटारचा १०० हर्ट्झखालचा भाग कापावा. रिव्हर्बचाही (आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याचाही) खालचा भाग कापावा, नाहीतर सगळेच धुरकट होते. ब्रश ड्रमच्या गुळगुळीत हेडवर (वरच्या ताणलेल्या पडद्यावर) फिरवले तर त्यांची सरसर येतच नाही. स्नेअर ड्रमला खरखरीत लेपाचे हेड हवे. आणि ब्रशचा आवाज मुळातच बारीक असल्याने त्याच्यासोबत गिटारचा अँप कमी ठेवायलाच हवा.

शेवटच्या 'आय'म लॉस्ट विदाउट यू'मध्ये बार्करने ड्रमचे दोन थर एकावर एक रचले आहेत. तसे करायचे असल्यास दोन्ही थर एकाच क्लिक ट्रॅकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यांवर) वाजवावेत. पहिला थर मोकळ्या लयीत घेतला, तर दुसऱ्याचे ठोके किंचित पुढेमागे पडतात आणि ड्रमर चुकल्यासारखे ऐकू येते. परीक्षणांत असे तपशील आले तर ती वाचून वाजवणाऱ्यांना काहीतरी हाती लागेल. आपल्या पुरवणीने तरी त्यांना जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे