कुलगुरू निवडताना हेही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात उद्योग आणि सार्वजनिक प्रशासनातील अनुभवी व्यक्तींनाही कुलगुरूपदाची वाट खुली करण्याचा प्रस्ताव आला. २०१८ च्या नियमांत विद्यापीठातील किंवा संशोधन संस्थेतील दहा वर्षांचा अनुभव अपेक्षित आहे. तेव्हापासून वाद प्राध्यापक की उद्योजक एवढ्याचभोवती फिरतो आहे. रोजगाराभिमुख शिक्षण चालवणारा कुलगुरू काम कसे करतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांची (क्रेडिट) ओजेटी, म्हणजे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, आली, सुमारे १२० तास प्रत्यक्ष कामावर. पुण्या-मुंबईत जागा मिळतात. तालुक्याच्या गावी इतिहासाच्या किंवा मराठीच्या विद्यार्थ्याने जायचे कुठे? मी शिकवत होते तिथे मुले ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणत आणि आम्ही गुण देत असू. विद्यापीठाकडून परिपत्रके येत, तक्ते येत. जिल्ह्यातल्या सहकारी बँका, पंचायत समित्या, दूध संघ यांच्याशी बोलणी करायला कुणी आले नाही. ते एकट्या महाविद्यालयाच्या आवाक्यातले काम नाही, त्याला कुलगुरूंचाच शब्द लागतो.

हे जमू शकते. डॉ. राम ताकवले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू. १९८९ मध्ये नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले आणि विद्यार्थी कोण, इथूनच त्यांनी मांडणी केली. शेतकऱ्यांसाठी कृषी शिक्षणक्रम निघाले. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आला. पुस्तके मराठीत लिहून घेतली गेली. हा माणूस उद्योगातून आलेला नव्हता, आणि केवळ परीक्षा-निकालांत अडकलेलाही नव्हता. याचा अर्थ उद्योगातल्या माणसाला माझा विरोध आहे, असे नाही. पण कंपनीत वरून आदेश सुटतो; विद्यापीठात अभ्यास मंडळे आणि विद्या परिषद यांना सोबत घ्यावे लागते. तो धीर नसेल तर पाच वर्षांची मुदत सामंजस्य करारांचे फोटो काढण्यातच सरते.

शोध समितीने मुलाखतीत एक गोष्ट जरूर मागावी: आधीच्या संस्थेतल्या किती विद्यार्थ्यांना विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम मिळाले, त्यात ग्रामीण भागातले किती, मुली किती. निवड झालेल्या उमेदवाराचे हे उत्तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावे.

— एक निवृत्त प्राध्यापिका, जि. सातारा