काशाच्या नावाखाली पितळ विकले जाऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पितळेच्या आणि काशाच्या भांड्यांना अलीकडे पुन्हा मागणी आली आहे. ज्याची नोकरीची सगळी वर्षे ओतशाळेच्या प्रयोगशाळेत धातू तपासण्यात गेली, त्या माझ्यासारख्या माणसाला याचा आनंदच आहे. परंतु या दोन मिश्रधातूंची नावे बाजारात सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जात आहेत आणि त्याचा संबंध थेट आपल्या पोटात जाणाऱ्या अन्नाशी येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या भाचीने बाळाच्या उष्टावणासाठी एका प्रदर्शनातून 'शुद्ध काशाचे' म्हणून ताट, वाटी आणि पेला घेतला. "मामा, एकदा बघा ना," म्हणत तिने ती भांडी माझ्याकडे आणली. मी वाटी बोटांच्या टोकांवर तोलून धरली आणि काठावर चमच्याने हलकेच टोला दिला. काशाचा नाद घंटेसारखा रेंगाळतो. येथे आवाज उमटला आणि लगेच विझला. बुडाशी कानस फिरवताच आतून लख्ख पिवळा धातू दिसला. तरीही केवळ कानाडोळ्यांवर विसंबू नये म्हणून ओळखीच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतला. त्यात तांबे आणि जस्त होते, कथील नावालाही नव्हते. म्हणजे ते सरळसरळ पितळ होते.

तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कासे. भांड्यांच्या पितळेत साधारण ६० ते ७० टक्के तांबे व उरलेले जस्त असते. जेवणाच्या काशात सुमारे ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील असते. जस्त तांब्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि कथील तांब्यापेक्षा कितीतरी महाग, त्यामुळे अदलाबदलीत फायदा कोणाचा होतो हे वेगळे सांगायला नको. घडवण्यातही मोठा फरक आहे. पितळेचा पत्रा थंड असतानाच यंत्रावर दाबून हवा तो आकार देता येतो. इतके कथील असलेले कासे मात्र थंडपणी ठोकले तर तडकते. ते लाल तापवून, पुन्हा पुन्हा भट्टीत घालून, हातोड्याने घडवावे लागते. म्हणूनच पितळेचे भांडे हातातून पडले तर त्याला पोचा येतो आणि काशाचे फुटते. स्वस्तात मिळालेल्या, पातळ पत्र्याच्या, काठ वळवलेल्या आणि तंतोतंत एकसारख्या बारा वाट्या काशाच्या म्हणून कोणी देत असेल, तर गिऱ्हाइकाने शंका घ्यावी.

पितळ वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण त्याला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, हवा. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, आमटी किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना पाठ होते. आंबटाने तांबे व जस्त विरघळून पदार्थात उतरतात आणि मळमळ, उलट्या, पोटात कळा असा त्रास होऊ शकतो. नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातील अन्न खाण्यास अयोग्य मानावे, असे अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही स्पष्ट लिहिले होते. पितळ 'कासे' म्हणून विकले गेले, तर घेणारा कल्हईचा विचारच करत नाही, आणि खरा धोका येथेच आहे. (आंबट पदार्थ काशाच्या भांड्यातही साठवून ठेवू नयेत.)

कल्हईविषयीही थोडे सांगायला हवे. निखाऱ्यावर भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो आणि धातूचा पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग कथलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतात आणि काळवंडलेले पातेले डोळ्यांदेखत चांदीसारखे उजळते. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नये. कथलात स्वस्त शिसे मिसळण्याचा प्रकार तर अत्यंत घातक आहे, कारण शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की कुरकुरल्यासारखा आवाज येतो. कल्हई करणाऱ्याला तेवढे करून दाखवायला जरूर सांगावे.

बावीस कॅरट सोन्याच्या दागिन्यावर ९१६ हा शुद्धतेचा आकडा आता सक्तीने कोरला जातो आणि तो पाहूनच आपण दागिना घेतो. मग ज्या वाटीतून बाळाला पहिला घास भरवायचा, तिच्या बुडाशी धातूंची नावे आणि त्यांचे टक्के का असू नयेत? पितळेच्या भांड्यावर तर 'आतून कल्हई आवश्यक' हेही ठळक मराठीत छापलेले असावे. ग्राहक संरक्षण आणि अन्नसुरक्षा या दोन्ही खात्यांनी हा नियम करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भाची ती भांडी परत करायला गेली, तेव्हा पावतीवर केवळ 'भांडी, ३ नग' एवढेच लिहिलेले निघाले आणि तिला काही बोलता आले नाही. नियम होईल तेव्हा होईल. तोवर खरेदी करताना प्रत्येकाने धातूचे नाव पावतीवर लिहून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त धातुपरीक्षक, कोल्हापूर